मे महिन्यात गाडीने कोकणात येताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुहागर तालुक्यात आमचं घर आहे आणि हंगामात आम्ही पाहुण्यांना चार खोल्या देतो. मार्च सरत आला की खोलीच्या चौकशीपाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच: "रस्ता कसा आहे? ट्रॅफिक कुठे लागेल?" दुपारी जेवायला पोचतो म्हणून सांगितलेली मंडळी रात्री नऊला दारात येतात. पोरं रडून रडून झोपलेली असतात, आजींचे पाय सुजलेले असतात, आणि सुट्टीचा पहिला दिवस रस्त्यातच गेलेला असतो. हे पाहवत नाही. म्हणून फोनवर आणि व्हॉट्सॲपवर जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं, ते इथे एकत्र लिहिलं आहे.

१. सगळा मे महिनाच गर्दीचा असतो का?

नाही. शाळांना सुट्टी लागली की पहिला लोंढा येतो आणि १ मेला जोडून शनिवार-रविवार आला तर तो सर्वात मोठा असतो. त्यानंतर गर्दी आठवड्याच्या चालीने चालते: शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार दुपार कोकणाकडे, रविवार दुपार ते मध्यरात्र मुंबई-पुण्याकडे. मंगळवार-बुधवारी निघणाऱ्याला मे महिन्यातही रस्ता बऱ्यापैकी मोकळा मिळतो. रजा दोनच दिवसांची असेल तर ती सोमवार-मंगळवारी टाका आणि रविवारी पहाटे निघा. सगळे परतायच्या तयारीत असतात तेव्हा तुम्ही पोचता, आणि खोलीही सहज मिळते.

२. मुंबईहून किती वाजता निघायचं?

पहाटे साडेतीन, फार तर चार. यामागचा हिशेब असा, की सकाळी सातच्या आत मुंबई-गोवा महामार्गावरचं माणगाव ओलांडायचं. किती वाजता निघालो यापेक्षा माणगावला किती वाजता होतो, हे महत्त्वाचं. बोरिवली-विरारकडून येणार असाल तर आणखी अर्धा-पाऊण तास आधी निघा. सहाला निघालेले पाहुणे आणि चारला निघालेले पाहुणे यांच्या पोचण्यात आमच्या दारात तीन-तीन तासांचा फरक पडलेला मी पाहिला आहे.

३. सगळे माणगावचंच नाव का घेतात? तिथे नेमकं होतं काय?

याच महामार्गावर पनवेल ते इंदापूर (रायगडातलं) या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं. त्याला किती वर्षं लागली ते सगळ्यांनी सोसलं आहे. इंदापूर आणि माणगाव या दोन गावांचे बायपास तर रखडतच गेले. त्यामुळे मोठ्या रस्त्यावरून वेगाने आलेली वाहतूक एकदम बाजारपेठेच्या अरुंद रस्त्यात शिरते.

मे महिन्यातल्या शनिवारी सकाळी अकराला माणगावात उभं राहून पाहा. मुंबईच्या गाड्या सरळ येतात. पुण्याच्या गाड्या ताम्हिणी उतरून निजामपूरच्या रस्त्याने त्यात घुसतात. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरला जाणारे मोर्ब्याच्या रस्त्याला वळायला बघतात. एसटी स्टँडमधून बाहेर पडायला बघते. त्यात गावची लग्नसराई, खरेदीला आलेली माणसं, रिक्षा, भाजीवाल्या. एवढ्यात कुणीतरी वडापावसाठी गाडी रस्त्याच्या कडेला अर्धी आत, अर्धी बाहेर लावतो आणि त्या एका गाडीमागे रांग इंदापूरच्या दिशेने वाढत जाते.

तेव्हा माणगावात थांबू नका. चहा-नाश्ता आधी उरका किंवा महाड मागे टाकल्यावर करा. बायपास पूर्ण खुला झाला की हे उत्तर बदलेल. तोवर निघण्याच्या आदल्या दिवशी तेवढी चौकशी करून ठेवा.

४. माणगाव टाळायला दुसरा रस्ता नाही का?

अर्धा आहे. वाकण फाट्यावरून पाली, रवाळजे, निजामपूर असं फिरून माणगावला येता येतं. गणपतीच्या गर्दीत पोलीसही गाड्या या बाजूने वळवतात. मुंबईकरांना एक्स्प्रेसवेने खोपोलीला येऊन तिथून थेट पाली गाठता येते. मग पळस्पे, पेण, वडखळ, नागोठणे हा सगळाच पट्टा सुटतो. पण नीट लक्षात घ्या: या वाटेने कोलाड आणि इंदापूर टळतं, माणगाव टळत नाही. निजामपूरचा रस्ता शेवटी तिथेच येऊन मिळतो. शिवाय शनिवारी याच रस्त्यावर पुण्याच्या गाड्या असतात. म्हणून हा मार्ग आड दिवशी, किंवा इंदापूरला रांग लागल्याचं पक्कं कळल्यावरच घ्यावा.

५. अटल सेतूने आलो तर वेळ वाचतो का?

दक्षिण किंवा मध्य मुंबईतून निघणार असाल तर नक्की वाचतो. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला हा सुमारे २२ किलोमीटरचा पूल शिवडीहून चिर्ल्याला उतरवतो. चेंबूर, वाशी खाडीपूल, कळंबोली ही सगळी कटकट सुटते. मोटारीला एका फेरीचा टोल २५० रुपये ठरला होता. दुचाकी आणि रिक्षांना पुलावर परवानगी नाही, हे मात्र ग्रुपने बाइकवर निघणाऱ्यांना अनेकदा माहीत नसतं. ठाणे-मुलुंडकरांना सेतूचा काही उपयोग नाही, त्यांनी नेहमीच्या रस्त्याने कळंबोलीला यावं.

राष्ट्रीय महामार्गांसाठी २०२५ मध्ये ३,००० रुपयांना निघालेला फास्टॅगचा वार्षिक पास इथे आणि एक्स्प्रेसवेवर चालत नाही. तेव्हा फास्टॅगमध्ये वेगळे पैसे ठेवा. टोलनाक्यावर शिल्लक संपलेली एक गाडी मागच्या पन्नास जणांना थांबवते.

६. आम्हाला फक्त अलिबागला जायचं आहे. बोट बरी की रस्ता?

शनिवार-रविवारी बोट. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मार्च २०२० पासून रो-रो सुरू आहे. गाडी बोटीत चढवायची, साधारण तासाभरात पलीकडे. जागा आधी आरक्षित करा, आणि जातानाच परतीचीही करा. रविवारी संध्याकाळची जागा ऐनवेळी मिळत नाही. गाडी न्यायचीच नसेल तर गेटवेहून मांडव्याच्या बोटी आहेत, आणि त्याच तिकिटात अलिबागपर्यंतची बस मिळणाऱ्याही आहेत.

बोटीने गेलात तरी मांडवा ते अलिबाग हा रस्ता अरुंद आहे आणि चोंढी नाक्यावर हमखास अडकायला होतं. रस्त्याने येणाऱ्यांना वडखळनंतर पेझारी नाका आणि कार्लेखिंड इथे वेळ लागतो. सकाळी आठच्या आत वडखळ सोडलंत तर रस्ताही वाईट नाही.

७. पुण्याहून कुठला घाट उतरावा?

जिथे मुक्काम आहे त्यावर ठरवा. सगळे ताम्हिणीच उतरतात आणि तिथेच फसतात.

दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरला ताम्हिणीला पर्याय नाही. पण पुण्यातून बाहेर पडतानाच भूगाव, भुकूम, पिरंगुटला तास मोडू शकतो, म्हणून पाचच्या आत चांदणी चौक सोडा. अलिबागला एक्स्प्रेसवेने खोपोली आणि तिथून पेण.

दापोली-मंडणगडला भोर-वरंध-महाड हा रस्ता जवळचा वाटतो. वरंध घाट देखणा आहे, पण अरुंद आहे. घाटात गाडी चालवायची सवय नसेल तर नको, आणि मोठी गाडी असेल तर नकोच. पावसात तो बंदही ठेवतात.

चिपळूण, गुहागरला माझं मत ठाम आहे: साताऱ्यावरून कराड, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट. किलोमीटर वाढतात, पण माणगाव, महाड, कशेडी सगळं टळतं आणि थेट चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर उतरता. रत्नागिरी, गणपतीपुळ्याला कोल्हापूरकडून मलकापूर-आंबा घाट-साखरपा. देवगड, मालवणला गगनबावडा किंवा राधानगरीवरून फोंडा घाट. वेंगुर्ले, सावंतवाडीला आंबोली.

८. मुंबईहून मालवणला जायला कोल्हापूरमार्गे जाणं शहाणपणाचं आहे का?

लाँग वीकेंडला, हो. अंतर थोडं वाढतं, पण अडकण्याच्या जागा कमी. खंडाळा घाटात शनिवारी सकाळी पुण्याच्या बाजूने प्रचंड रांग लागते, त्यामुळे इथेही पहाटेचाच नियम (प्रश्न २). सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या कामांमुळे गेल्या काही वर्षांत जागोजागी वळणं होती, त्यासाठी तासभर हाताशी ठेवा. आड दिवशी मात्र गोवा महामार्गच बरा. चिपळूणनंतर काही ठिकाणची कामं सोडली तर पुढे राजापूर-कणकवलीपर्यंत रस्ता छान झाला आहे. कशेडीला सुमारे २ किलोमीटरचे जुळे बोगदे झाल्यापासून जुन्या घाटात ट्रकमागून रांगणंही संपलं.

९. रात्री दहाला निघून सकाळी पोचलं तर?

बरेच जण असंच करतात, म्हणूनच शुक्रवारी रात्री दहा ते दोन पेण ते माणगाव गर्दी असते. बोरिवली, दादर, परळहून सुटलेल्या ट्रॅव्हल्सच्या सगळ्या बसेस त्याच वेळी तिथे असतात. समोरून आंब्याच्या पेट्या घेऊन वाशी मार्केटला निघालेल्या गाड्या येत असतात, त्यांना पहाटेच्या आत पोचायचं असतं. जिथे काम चालू आहे तिथली वळणं अंधारात ऐनवेळी दिसतात. आणि चालवणारा माणूस दिवसभर ऑफिस करून बसलेला असतो. मी पाहुण्यांना स्पष्ट सांगतो: रात्री घरी झोपा, तीनला उठा. आम्ही नाश्ता दहाला गरम देऊ.

१०. फेरीबोटीने खरंच अंतर वाचतं का? गाडी बोटीत चढवायची भीती वाटते.

वाचतं. दापोलीहून गुहागरला रस्त्याने यायचं म्हणजे खेड, चिपळूण करत शंभरेक किलोमीटर. दाभोळ-धोपावे फेरीने खाडी ओलांडायला दहा-पंधरा मिनिटं. आमच्याकडे तिला जंगलजेटी म्हणतात, २००३ पासून ती आम्हाला वाहते आहे. अशाच फेऱ्या आगरदांडा-दिघी (मुरूड ते दिवेआगर), बागमांडला-वेश्वी (हरिहरेश्वर ते केळशी-आंजर्ले) आणि तवसाळ-जयगड (गुहागर ते गणपतीपुळे) इथे आहेत. या चार फेऱ्या जोडल्या की अलिबागपासून गणपतीपुळ्यापर्यंत महामार्गाला हात न लावता किनाऱ्याने येता येतं. एका दिवसात नव्हे, दोन मुक्काम करत. पण माझ्या मते मे महिन्यातला सर्वात सुखाचा रस्ता हाच.

गाडी चढवणं सोपं आहे. बोटीची लोखंडी फळी धक्क्यावर टेकते, पहिल्या गिअरमध्ये सावकाश वर जायचं. फळी आणि धक्का जुळतात तिथे एक हलका धडका बसतो, तेव्हा दचकून ब्रेक मारायचा नाही. बोटीवरची पोरं हाताने दाखवतात तेवढंच पाहायचं. हँडब्रेक लावून खाली उतरा, वारा घ्या.

सुट्टीच्या दिवशी सकाळी अकरा ते एक आणि संध्याकाळी चार ते सहा धक्क्यावर रांग असते, दोन-तीन फेऱ्या थांबावं लागतं. रात्रीची शेवटची फेरी किती वाजता आहे हे त्याच दिवशी विचारून घ्या. ती चुकली की रस्त्याचा पूर्ण वळसा.

११. मोबाइलचा नकाशा गावातल्या रस्त्याने न्यायला लागला तर ऐकायचं का?

पंधरा मिनिटं वाचवत असेल तर नाही. तोच सल्ला त्याच वेळी शेकडो गाड्यांना मिळालेला असतो. आमच्या वाडीतला रस्ता एका गाडीचा आहे. एका बाजूला जांभ्याच्या दगडाचा गडगा, दुसऱ्या बाजूला उतार. मागच्या मे महिन्यात तिथे समोरासमोर सात गाड्या आल्या. मागे कुणी घ्यायची यावर पाऊण तास गेला, आणि मागे अडकलेल्या रिक्षात एक बाळंतीण होती. शेवटी वाडीतल्या माणसांनी एकेक गाडी मागे घेऊन दिली.

राज्यमार्ग आणि तालुक्याला जोडणारे रस्ते जरूर वापरा. वाडीतून जाणारी वाट नको. नकाशा सांगत असला तरी टपरीवर थांबून "हा रस्ता पुढे जातो का, मोठी गाडी जाईल का?" एवढं विचारा. कोकणात रस्ता विचारणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही.

१२. आमची गाडी सीएनजीवर आहे. वाटेत मिळेल ना?

मिळतो, पण हंगामात पंपावर रांग मोठी असते आणि "प्रेशर नाही" हे उत्तरही येतं. अर्धी टाकी भरायला तासभर जातो. पनवेलच्या आधी, शक्यतो आदल्या रात्री टाकी भरा आणि पेट्रोल किमान दहा लिटर ठेवा. रांग दिसली की पेट्रोलवर पुढे निघा. तिथे वाचवलेले शंभर-दोनशे रुपये तुम्ही माणगावच्या गर्दीत (प्रश्न ३) फेडता.

१३. परत कधी निघावं?

जाताना सगळे विचार करतात, परतीचा कुणीच करत नाही. रविवारी जेवून एक-दोनला निघालेल्या सगळ्या गाड्या संध्याकाळी माणगावात भेटतात. गुहागर-दापोलीहून रविवारी पहाटे चारला निघा, किंवा त्याहून चांगलं, सोमवारी पहाटे. सोमवारी निघालात तर दहा-साडेदहाला पनवेलला असता, ऑफिसला अर्ध्या दिवसाची रजा पुरते. रविवारीच जायचं असेल तर रात्री जेवून आठनंतर निघता येतं, पण दुसरा चालक बरोबर हवा.

मे अखेर ते शाळा सुरू होण्याआधीचा शनिवार-रविवार या दिवसांत चाकरमानी कुटुंबं आंबे-फणस, कोकम, तांदळाच्या पिशव्या घेऊन परततात. तेव्हा उलटी गर्दी मोठी. त्या दिवशी कोकणात यायचं असेल तर मात्र रस्ता तुमचाच.

१४. गाडी न आणता आलो तर चालेल का?

उत्तम चालेल. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि मे महिन्याच्या जागा पहिल्या काही मिनिटांत जातात, तेव्हा तारीख मोजून सकाळी तयार बसा. चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ इथे उतरून दोन-तीन दिवसांसाठी स्थानिक गाडी ठरवा. चालक गावचा असतो, त्याला कुठल्या वेळी कुठे अडकायला होतं ते माहीत असतं.

१५. अपघात होऊन महामार्ग बंद झाला तर काय करायचं?

आधी इंजिन बंद करा आणि आपल्या रांगेत थांबा. दुसरी रांग लावू नका. समोरून येणारी बाजू अडली की क्रेन आणि रुग्णवाहिका दोन्ही येऊ शकत नाहीत आणि अर्ध्या तासाचं काम चार तासांचं होतं. हे दर वर्षी होतं आणि दर वर्षी टळण्यासारखं असतं. मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, राष्ट्रीय महामार्गाची मदतवाहिनी १०३३.

निवळी-हातखंबा भागात टँकर उलटून रस्ता तासन्‌तास बंद राहिल्याचे प्रकार झाले आहेत. तिथे संगमेश्वरहून देवरुख, साखरपा, दाभोळे, पाली (रत्नागिरीजवळचं, रायगडातलं नव्हे) असा वळसा घेता येतो. बाकी ठिकाणी पोलीस सांगतील तोच रस्ता घ्या.

१६. पाऊस लवकर आला तर?

२०२५ साली मोसमी पाऊस २५ मेलाच तळकोकणात पोचला. पहिल्या पावसात रस्त्यावर तेल-धूळ तरंगते आणि घाट निसरडे होतात. कामाच्या ठिकाणची माती वाहून रस्त्यावर येते. परशुराम घाटाजवळ डोंगराकडच्या बाजूला गाडी थांबवू नका. गेटवे-मांडवा बोटी आणि मालवणचे समुद्रातले खेळ मे अखेरीस बंद होतात, त्यामुळे २० मेनंतरचा बेत आखताना आधी चौकशी हवी. खाडीतली जंगलजेटी पावसाळ्यातही चालते, फक्त वादळी वाऱ्यात थांबवतात.

१७. पोचल्यावर किनाऱ्यावर गाडी नेता येते का? पार्किंग मिळत नाही.

वाळूत गाडी अजिबात उतरवू नका. ओहोटीला घट्ट वाटणारी वाळू भरती लागली की चाकाखालून सुटते, आणि भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालचा अंदाज आज चुकतो. दर हंगामात कुणाची तरी गाडी पाण्यात जाते आणि मच्छीमार बांधव दोर लावून ती ओढत बसतात. गाडी मुक्कामाच्या अंगणात ठेवा आणि चालत जा. संध्याकाळी पाच ते सात किनाऱ्याचा रस्ता तुंबतो. त्याऐवजी पहाटे जा: किनारा रिकामा असतो, आणि जाळी ओढायची वेळ असली तर ताजी मासळीही दिसते.

१८. लग्नाला जायचं आहे, मुहूर्त चुकवून चालणार नाही. शनिवारी सकाळीच निघावं लागेल. काय करू?

मे महिन्यातल्या दाट मुहूर्ताच्या दिवशी फक्त पर्यटक नव्हे, प्रत्येक तालुक्यातली वऱ्हाडंही रस्त्यावर असतात. शनिवारी सकाळी निघून दुपारच्या आतला मुहूर्त गाठण्याची खात्री मी कुणालाच देणार नाही. शुक्रवारी दुपारी एकच्या आत मुंबई सोडा, संध्याकाळची गर्दी भरायच्या आत माणगाव पार करा आणि रात्रीचा मुक्काम महाड किंवा चिपळूणला टाका. शुक्रवारी रजा मिळतच नसेल, तर घरातल्या ज्या माणसांना विधीला बसायचं आहे त्यांना गुरुवारी रेल्वेने पुढे पाठवा. बाकीच्यांनी शनिवारी पहाटे दोनला निघावं, आणि मुहूर्ताचं साहित्य व दागिने पुढे गेलेल्यांबरोबर द्यावेत, मागून येणाऱ्या गाडीत ठेवू नयेत.